न पाहिलेल्या जगाचीं चित्रें

“हें चित्र तूं काढलेंस, कीं यंत्रानें?” गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या पालघरच्या घरीं हा प्रश्न किती जणांनीं विचारला, त्याची गणतीच नाहीं. विचारणारांत पाहुणे होते, आत्याबाई होत्या, बोईसरच्या औद्योगिक वसाहतींत नोकरी करणारे आमचे मधले चिरंजीव होते. आणि लपवावें कशाला, पहिल्यानें तो प्रश्न आम्हींच विचारला होता. ज्यास विचारला तो आमचा नातू. वय वर्षें एकोणीस. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत शिकतो. तो संगणकावर चित्रें काढतो, आणि तींही डोळ्यांसमोरच्या वस्तूंचीं नव्हेत. जीं जगें अजून झालींच नाहींत, किंवा कधीं होणारही नाहींत, त्यांचीं. आकाशांत तरंगणारीं नगरें, दोन चंद्र उगवणारे समुद्र, पाठीवर अरण्य वाढलेलें अजस्र कांसव, असे त्याचे विषय. “शिक्षण पुरें करीन, पण पुढें व्यवसाय हाच,” असें त्यानें जाहीर केलें, आणि घरांत खळबळ उडाली.

आमच्या एकत्र कुटुंबांत महत्त्वाच्या गोष्टीचा निर्णय सर्वांनीं मिळून करावा असा प्रघात आहे. आणि निकाल देण्यापूर्वीं विषय समजून घ्यावा, हा आमचा मास्तरकीच्या दिवसांपासूनचा शिरस्ता. म्हणून नातवाच्या शेजारीं खुर्ची ओढून आम्ही जवळजवळ तीन महिने बसलों, आणि त्याची विद्या त्याच्याकडूनच समजावून घेतली. त्या अभ्यासाचें फळ वाचकांपुढें ठेवीत आहों. कारण आमच्या घरीं उठलेला प्रश्न आज अनेक सुशिक्षित घरांत उठत असला पाहिजे.

जुनीच ओढ, जुनाच आक्षेप

न पाहिलेलें रंगविण्याची ओढ आजकालची नव्हे. सिंहाचें मुख आणि माणसाचें धड असलेला नृसिंह कोणत्या चित्रकारानें समोर उभा करून रंगविला? पुष्पक विमानाची लांबी-रुंदी कोणी मोजली? भागवतांतील उषेची कथा तर या विषयाची नांदीच म्हणावी. उषेनें स्वप्नांत एक पुरुष पाहिला. तो कोण, कोठला, कांहींच ठाऊक नाहीं. तेव्हां तिची सखी चित्रलेखा हिनें देव, गंधर्व, मानव यांचीं चित्रें एकामागून एक काढून तिच्यापुढें ठेविलीं, आणि अनिरुद्धाचें चित्र येतांच उषा लाजली. स्वप्न एकीचें, कुंचला दुसरीचा. ही कथा वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

यंत्राविषयींचा आक्षेपही असाच जुना. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईस शिळाछापखाना काढला, आणि लक्ष्मी-सरस्वतीचीं रंगीत चित्रें घरोघर भिंतींवर आणि देवघरांत जाऊन बसलीं. तीं यंत्रावर छापलीं म्हणून कोणी त्यांस हात जोडावयाचें सोडलें नाहीं. त्र्यंबकेश्वरीं जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांचें उदाहरण याहूनही बोलकें आहे. १८८५ सालीं ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले. चित्रकला, छायाचित्रण, शिळाछाप, जादूचे प्रयोग, जें जें हातीं लागलें तें तें शिकले. मोठ्या चित्रपटास हात घालण्यापूर्वीं वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपणारा एक छोटा बोलपट नव्हे, मूकपट त्यांनीं केला. रोज थोडें थोडें चित्रण करून अनेक दिवसांची वाढ त्यांनीं कांहीं क्षणांत दाखविली. पुढें १९१७ च्या ‘लंकादहना’ंत मारुति आकाशांतून गेला आणि १९१९ च्या ‘कालियामर्दना’ंत बालकृष्ण कालियाशीं झुंजला, तो कॅमेऱ्याच्या युक्त्यांचा खेळ होता. कॅमेरा यंत्रच, परंतु मारुति कोठून उडावा, केवढा दिसावा, कोणत्या क्षणीं दृष्टीआड व्हावा, हें कॅमेऱ्यानें ठरविलें नव्हतें. तें फाळक्यांनीं ठरविलें होतें.

त्यानंतरच्या पिढ्यांस दिवाळी अंकांचीं मुखपृष्ठें आठवतील. दीनानाथ दलाल यांनीं १९४५ सालीं ‘दीपावली’ सुरू केला. रघुवीर मुळगांवकर यांनीं रंगाचा सूक्ष्म फवारा उडविणाऱ्या एअरब्रशनें देवदेवतांस जी मऊ, तेजाळ कांति दिली, ती केवळ केंसांच्या कुंचल्यानें साधणें कठीण होतें. नवें साधन आलें कीं नवी कांति येते. साधन चित्र काढीत नाहीं. परंतु चित्रानें काय काय व्हावें, याची हद्द तें पुढें सारतें.

विज्ञानकथेचेंही तसेंच. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेंत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखकाचें नांव नारायण विनायक जगताप. हें टोपणनांव होतें. त्याचीं आद्याक्षरें उलटीं लाविलीं कीं खरा लेखक सांपडतो. ते डॉ. जयंत विष्णु नारळीकर! २०२५ च्या मे महिन्यांत ते पुण्यास निवर्तले; परंतु आकाशाकडे पाहून कथा रचावी, आणि ती रचतांना गणिताशीं प्रतारणा करूं नये, हा त्यांनीं घालून दिलेला धडा आमच्या नातवाच्या पिढीपर्यंत पोहोंचला आहे.

ठिपक्यांची रांगोळी

आतां प्रत्यक्ष साधनांकडे वळूं. आमच्या वाचकभगिनींस हा विषय आमच्यापेक्षां लवकर कळेल. कारण संगणकाच्या पडद्यावरचें चित्र म्हणजे मुळांत ठिपक्यांची रांगोळी होय. मासिकाचें एक पान सात इंच रुंद व दहा इंच उंच धरलें, आणि छपाईसाठीं इंचास तीनशें ठिपके घेतले, तर आडवे २१०० आणि उभे ३००० असे एकंदर ६३,००,००० ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्यास तांबडा, हिरवा व निळा या तीन प्रकाशांचें प्रमाण सांगणारे तीन आंकडे असतात. प्रत्येक आंकडा शून्यापासून २५५ पर्यंत. या तिहींच्या मिश्रणांतून १,६७,७७,२१६ छटा निघतात. एवढी रांगोळी हातानें कोण भरणार? म्हणून ठिपके सांभाळण्याचें काम संगणकाकडे, आणि रेघ ओढण्याचें काम माणसाकडे, अशी ही वांटणी आहे.

रेघ ओढावयाची ती एका सपाट पाटीवर, विशिष्ट लेखणीनें. लेखणीवर हाताचा दाब किती, ती किती कलली आहे, हें पाटी क्षणोक्षणीं संगणकास कळविते. त्यामुळें दाब वाढला कीं रेघ जाड होते, हलका झाला कीं केंसासारखी बारीक होते. बोरूनें कित्ता गिरविलेल्या आमच्या हातास ही गोष्ट तत्काळ ओळखीची वाटली. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयांत आयव्हन सदरलँड यांनीं १९६३ सालीं प्रकाशलेखणीनें पडद्यावर आकृति काढून दाखविल्या, तेथून ही वाट सुरू झाली. १९९० सालीं नोल बंधूंचें ‘फोटोशॉप’ विक्रीस आलें. आमचा नातू वापरतो तीं दोन साधनें मात्र विनामूल्य आहेत. एक ‘क्रिटा’, स्वीडिश भाषेंत या शब्दाचा अर्थ खडू. दुसरें ‘ब्लेंडर’. हें हॉलंडच्या टोन रोझेंडाल यांनीं रचलें. २००२ सालीं लोकवर्गणीनें एक लाख युरो जमवून तें सर्वांस खुलें करण्यांत आलें. याच साधनावर घडविलेल्या ‘फ्लो’ या लॅटव्हियन चित्रपटास २०२५ सालीं सर्वोत्कृष्ट सचेतनपटाचें ऑस्कर पारितोषिक मिळालें. फुकट मिळालेलें साधन हलकें असतें, हा आमचा समज त्या दिवशीं गेला.

या साधनांतील दोन युक्त्या सांगण्याजोग्या आहेत. पहिली थरांची. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावे, तसे चित्राचे थर करितात. सर्वांत खालीं आकाश, त्यावर डोंगर, त्यावर घरें, त्यावर माणसें. आकाश बिघडलें तर तेवढेंच पुसावें. माणसांस धक्का लागत नाहीं. दुसरी युक्ति ब्लेंडरची. तेथें चित्रकार मूर्तिकार होतो. वस्तु सर्व बाजूंनीं घडवितो, तिला दगडाचा किंवा धातूचा पोत देतो, दिवे मांडतो, आणि जेथून पाहावयाचें तेथें डोळा ठेवतो. मग प्रकाशाचा किरण कोठें आपटेल, किती शोषला जाईल, कोणीकडे परतेल, याचें गणित संगणक करीत बसतो. एकेका चित्रास रात्र रात्र लागते. दिवा कोठें ठेवावा, हें मात्र तो कधींही सांगत नाहीं.

चित्राचीं सहा अंगें

येथपर्यंत ऐकून आम्हीं नातवास विचारलें, “मग शिकावयाचें तें काय? बटणें?” तो हंसला आणि म्हणाला, “आजोबा, बटणें पंधरा दिवसांत येतात. बाकीचें चार वर्षें झालीं तरी येत नाहीं.” तें बाकीचें कोणतें, हें तो आपल्या भाषेंत सांगूं लागला, आणि आम्हांस एकदम यशोधराची आठवण झाली. कामसूत्रावरील ‘जयमंगला’ टीकेंत यशोधरानें चित्राचीं सहा अंगें सांगितलीं आहेत: रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. मुलगा बोलत होता तें सारें या सहांत बसत होतें!

रूपभेद म्हणजे आकार आकारांतील वेगळेपण. नातू प्रथम साऱ्या वस्तु निव्वळ काळ्या रंगानें भरून पाहतो. काळ्या छायेंतही विमान विमानासारखें आणि पशु पशूसारखा ओळखूं आला नाहीं, तर तें रेखाटन तो टाकून देतो. प्रमाण म्हणजे मोजमाप. दोनशें हात उंच यंत्र काढलें तरी तें उंच दिसत नाहीं. त्याच्या पायथ्याशीं एक इवलीशी बाई टोपली घेऊन उभी केली कीं तें एकाएकीं उंच होतें. वर्णिकाभंग म्हणजे रंगांची योजना. दूरचा डोंगर फिकट व निळसर करावा, कारण मधल्या हवेंत प्रकाश विखुरतो. भाव आणि लावण्य यांविषयीं तर बटण कोणतेंच नाहीं. विष्णुधर्मोत्तरांत वज्र राजा मूर्ति घडविण्याचें शास्त्र विचारतो, तेव्हां मार्कंडेय ऋषि त्यास सांगतात कीं आधीं चित्र आलें पाहिजे, चित्रासाठीं नृत्य आलें पाहिजे, नृत्यासाठीं वाद्य आणि वाद्यासाठीं गीत. एका कलेस हात घालावा तर मागें सारें कुळ उभें असतें.

राहिलें सादृश्य, आणि खरी अडचण तेथेंच आहे. पाहिलेल्या वस्तूशीं चित्र जुळावें हें ठीक; परंतु जी वस्तु कोणीच पाहिली नाहीं, तिचें सादृश्य कशाशीं?

याचें उत्तर कृष्णविवरानें दिलें आहे. कृष्णविवरांतून प्रकाशही बाहेर पडत नाहीं, मग त्याचें चित्र कसें काढावें? १९७९ सालीं झां-पियेर ल्युमिने या फ्रेंच शास्त्रज्ञानें आइन्स्टाइनच्या समीकरणांवरून, कृष्णविवराभोंवतीं फिरणारी तप्त चकती दुरून कशी दिसेल, याचें गणित एका जुन्या संगणकाकडून करविलें. संगणकाजवळ चित्र काढण्याची सोय नव्हती. म्हणून आलेल्या आंकड्यांवरून ल्युमिने यांनीं स्वतः शाईचे ठिपके देऊन तें चित्र हातानें पुरें केलें. आंकडे यंत्राचे आणि ठिपके माणसाचे! पुढें २०१४ सालीं ‘इंटरस्टेलर’ हा चित्रपट आला. त्यासाठीं किप थॉर्न या भौतिकशास्त्रज्ञानें समीकरणें दिलीं आणि डबल निगेटिव्ह या संस्थेच्या चित्रकारांनीं व गणित्यांनीं कृष्णविवर घडविलें. लंडनची ही संस्था त्याच वर्षीं मुंबईच्या प्राइम फोकस या संस्थेशीं एकत्र झाली, हें आपल्याकडील तरुणांनीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे. या कामास दृश्यचमत्कृतीचें ऑस्कर पारितोषिक मिळालें, आणि त्यांतून शास्त्रीय नियतकालिकांत प्रबंधही निघाला. शेवटीं १० एप्रिल २०१९ रोजीं, साडेपांच कोटि प्रकाशवर्षें दूर असलेल्या एका कृष्णविवराची दुर्बिणींनीं टिपलेली प्रतिमा प्रसिद्ध झाली. तेजाचें कडें आणि मध्यें काळोख! ज्यांनीं नियमांस धरून कल्पना केली होती, त्यांचें चित्र सृष्टीनें ओळखलें.

तेव्हां न पाहिलेल्या जगाचें सादृश्य पाहावयाचें तें एखाद्या वस्तूशीं नव्हे. ज्या नियमांनीं वस्तु घडतात त्यांशीं. प्रकाश कसा पडतो, लोखंड कसें गंजतें, पाणी उतरल्यावर चिखलावर कोणत्या खुणा राहतात, थकलेलें माणूस भिंतीस कसें टेकतें, हें ज्यानें नीट पाहिलें आहे, त्यानेंच दोन चंद्रांचें जग काढावें.

आपल्या समुद्रकांठचें उद्यां

आमच्या नातवाचीं पहिलीं चित्रें आम्हांस पसंत नव्हतीं. बर्फाचीं शिखरें, चिलखती घोडेस्वार, पाश्चात्य चित्रपटांतले मनोरे. आम्हीं विचारलें, “बर्फ कधीं हातांत घेतला आहेस का?” तो गप्प राहिला. मग आम्हीं त्यास सांगितलें, “एक महिना संगणक उघडूं नकोस. वही घे आणि हिंड.”

तो हिंडला. केळव्याचें सुरूचें बन, सातपाटीच्या होड्या, बांबूच्या मांडवांवर वाळत घातलेले, आणि आमच्या स्वयंपाकघरांत ज्यांस प्रवेश नाहीं असे बोंबील, खाडीकांठच्या खारफुटीचीं वर आलेलीं मुळें, बोईसरच्या कारखान्यांचे नळ व टाक्या, हें सारें त्यानें पेन्सिलीनें वहींत उतरविलें. आणि तारापूर! ज्या गांवांत जुना किल्ला आहे, त्याच्याच शेजारीं १९६९ सालीं देशांतील पहिलें अणुवीजकेंद्र चालू झालें. पुढें २००५ व २००६ सालीं तेथें प्रत्येकीं ५४० मेगावॅटच्या दोन नव्या अणुभट्ट्यांची भर पडली. ज्या मुलाच्या घराच्या आसपास अणूची भट्टी आणि कोळ्यांची होडी एकाच किनाऱ्यावर नांदते, त्यानें अद्भुतासाठीं परदेशीं कां जावें?

महिन्यानंतर त्यानें जें चित्र काढलें, तें आज आमच्या माजघरांत लाविलें आहे. काळ तीनशें वर्षांपुढचा. समुद्र वर चढला आहे; अणुवीजकेंद्र केव्हांच बंद झालें असून त्याच्या घुमटास शेवाळ धरलें आहे. घुमटाभोंवतीं एक तरंगतें गांव बांधलें आहे. आणि पुढें, अगदीं लहान, एक कोळीण बांबूच्या मांडवावर मासे पसरीत आहे. यंत्रें गेलीं, किनारा बदलला, पण ती आहे. आमच्या घरीं आलेला कोणीही मनुष्य प्रथम घुमट पाहतो आणि मग तिच्याजवळ थांबतो.

याच जिल्ह्यांत दुसरा एक धडा नातवास मिळाला. डहाणू, तलासरी, जव्हार या भागांत वारली समाजाच्या सुवासिनी लग्नप्रसंगीं गेरूनें सारविलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठीनें चौक लिहितात आणि त्यांत पालघाट देवीस बसवितात. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन एवढ्याच आकृतींत न दिसणारी देवता, झाडें, जनावरें आणि तारप्याचा नाच उभा राहतो. गंजाड येथील जिव्या सोमा म्हसे यांनीं ही कला भिंतीवरून कागदावर आणिली. २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. नातवानें तीच आकृति घेऊन अंतराळवीरांचा नाच काढला होता. आम्हांस चित्र आवडलें, तरी आम्हीं विचारलें, “ज्यांची ही लिपि, त्यांस विचारलेंस का?” वारली चित्रकलेस आतां भौगोलिक मानांकन आहे, आणि त्याआधींही ती कोणाची तरी होतीच. नातवानें तें चित्र विकावयास ठेविलें नाहीं.

शब्द दिला कीं चित्र

आतां ज्या प्रकरणानें आमच्या घरचा निर्णय झाला, तें सांगतों. २०२२ सालापासून एक नवेंच यंत्र सर्वांच्या हातीं आलें आहे. त्यास शब्द सांगावे, आणि त्यानें क्षणांत चित्र द्यावें. त्याची रीत अशी. कोट्यवधि चित्रें व त्यांचीं वर्णनें यंत्रापुढें ठेवितात. चांगल्या चित्रांत ठिपक्यांचा धुरळा थोडथोडा मिसळतात, आणि तो धुरळा उलट कसा निवळावा हें यंत्रास शिकवितात. शिकलेलें यंत्र मग निव्वळ धुरळ्यापासून आरंभ करून, सांगितलेल्या शब्दांच्या रोखानें चित्र निवळवीत नेतें. ज्यांचीं चित्रें शिकविण्यास वापरलीं, त्यांतील असंख्य चित्रकारांस कोणी विचारलें नाहीं. त्याच वर्षीं अमेरिकेंतील कोलोरॅडो येथील जत्रेंत अशा एका चित्रास संगणकचित्रांच्या वर्गांत पहिलें बक्षीस मिळालें, आणि पुढच्या वर्षीं तेथील प्रताधिकार कचेरीनें त्या चित्राची नोंद करण्याचें नाकारलें.

नातवास एका प्रकाशकानें मुलांच्या विज्ञानकथांसाठीं चार चित्रें सांगितलीं होतीं. त्यांचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. पहिलें चित्र त्यानें अकरा दिवस खपून केलें. तें पसंत पडलें. मग निरोप आला, “बाकीचीं तीन आम्हीं यंत्रावर काढलीं आहेत. बोटें तेवढीं नीट करून द्या.” मोबदला ठरल्याच्या दहाव्या हिश्शाइतका. एका चित्रांत मुलीच्या हातास सहा बोटें होतीं. दुसऱ्यांत सांवली दिव्याच्याच दिशेनें पडली होती. पहिलेंच काम, नाहीं कसें म्हणावें, म्हणून नातू तीन रात्री जागला आणि तें सारें त्यानें सुधारलें. पुस्तक निघालें. त्यांत त्यानें स्वतः काढलेल्या चित्राखालींही त्याचें नांव नव्हतें. त्या रात्रीं तो जेवला नाहीं.

आम्ही उगाच बसून राहिलों होतों, तेव्हां एक गोष्ट मनांत लख्ख झाली. ‘तूं काढलेंस, कीं यंत्रानें?’ हा प्रश्न आम्हीं साऱ्यांनीं त्या पोरास विचारून विचारून बेजार केलें होतें. आणि ज्यानें तो खरोखर विचारावयास हवा होता, त्यानें एकदांही विचारला नव्हता. त्यास दोन्ही सारखेंच होतें. प्रश्न योग्य होता. विचारला चुकीच्या माणसास.

उषा-चित्रलेखेची कथा येथें आठवावी. नवें यंत्र चित्रलेखेसारखें हजार मुखें पुढें टाकील. उद्यां बोटेंही पांचच काढील, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु हजारांत ‘हाच तो’ म्हणून लाजावयास उषा लागते, आणि तिला आधीं स्वप्न पडावें लागतें. शिवाय खरी चित्रलेखा प्रत्येकास ओळखून काढीत होती. यंत्रास कोळणीची ओळख नाहीं. सातपाटीची ती बाई त्यानें पाहिलेली नाहीं.

निर्णय

घरची बैठक झाली. मधल्या चिरंजीवांनीं पोटापाण्याची चिंता पुढें मांडली, आणि ती खोटी नव्हती. वरचा प्रसंग तिचा पुरावाच होता. सर्वांचें बोलून झाल्यावर मुलाची आई, म्हणजे आमच्या थोरल्या सूनबाई, म्हणाल्या, “मामंजी, दुसऱ्याचीं चुकलेलीं बोटें नीट करीत तो तीन रात्री जागला, तेव्हां थकलों म्हणाला नाहीं. नांव नाहीं म्हणून मात्र रडला. टंगळमंगळ करणारें पोर असें रडत नाहीं.” यावर कोणी बोललें नाहीं. आम्हीं आमचें मत बदललें, आणि तसें सर्वांसमक्ष सांगितलें.

ठरलें तें असें. पदवी पुरी करावी. त्यानंतर दोन वर्षें घरानें त्यास या कलेसाठीं द्यावीं. हातवही रोज भरावी. मोबदला आणि नांव यांविषयीं लेखी कबुली असल्याशिवाय काम घेऊं नये. बोटें नीट करून देण्याचें काम पुन्हां घेऊं नये. शेवटची अट आमची नव्हे; ती त्यानें स्वतः घातली.

ज्या घरांत असें मूल असेल त्यांच्यासाठीं कांहीं गोष्टी येथें नमूद करितों. आरंभीं महाग साधनें घेऊं नयेत. पेन्सिल, वही आणि विनामूल्य साधनें पुरेशीं आहेत. शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट या रेखाकला परीक्षा अवश्य द्याव्या. पद्धतशीर शिक्षण हवें असेल तर १८५७ पासून चालत आलेली जे. जे. कलाशाळा आहे, पवईच्या आय. आय. टी. मधील, १९६९ सालीं निघालेलें अभिकल्प केंद्र आहे. तेथील पदवीसाठीं ‘यूसीड’ नांवाची प्रवेशपरीक्षा असते. आणि आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्याचें ५७ वें कलम मुलांस वाचून दाखवावें. चित्राचे हक्क विकले तरी ‘हें माझें’ असें म्हणण्याचा चित्रकाराचा अधिकार त्या कलमान्वयें शाबूत राहतो. आमच्या नातवास हें ठाऊक नव्हतें, आम्हांसही नव्हतें.

एवढें करूनही तो या व्यवसायांत तरेल कीं नाहीं, हें आम्ही सांगूं शकत नाहीं. परवां बोईसरहून येणाऱ्या गाडींत तो खिडकीशीं बसून वहींत कांहीं काढीत होता. डोकावून पाहिलें, तर समोरच्या बांकावर झोंपी गेलेल्या एका कामगाराचा लोंबता हात होता. बोटें मोजण्याचा मोह आम्हांस आवरला नाहीं. पांचच होतीं, आणि करंगळीवरचा जुना भाजल्याचा डागही त्यानें सोडला नव्हता.